पाकिटाची जीभ

"जीभ लावायची तर मुक्या माणसाला लावा. पाकिटाला कशाला?"

मालनअक्का धुमाळांनी नवं पाकीट उजेडाकडं धरून उलटंपालटं केलं. आतल्या अंगाला कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पातळ पट्टी होती आणि तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे ठिपकेच ठिपके. शेडमधल्या बायांनी हातातलं काम सोडून माना वर केल्या. अक्का बोलायला लागल्या की काम थांबलं तरी चालतं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

"आई, आता तसा नियमच झालाय," त्यांची सून तेजस्विनी म्हणाली. शेडचा सगळा व्यवहार तीच बघायची. "जीभ नसलेलं पाकीट कुठलंच मोठं दुकान ठेवून घेत नाही."

"मग दुकानदाराची स्वतःची काय झडली व्हय?"

बाया खळखळून हसल्या. तेजस्विनीही हसली, पण कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या पाकिटांच्या गठ्ठ्यावरून तिनं पटकन नजर काढून घेतली. त्या पाकिटांवर अक्कांचा फोटो होता, हिरव्या लुगड्यातला, पसरलेला उजवा तळवा पुढं केलेला. खाली लिहिलेलं, 'अक्कांच्या हाताची चव'.

ही जीभ म्हणजे काही नवलाची गोष्ट राहिली नव्हती. शहरात दूध, मासळी, पनीर, सगळ्या पाकिटांना ती कधीच लागली होती. पाकिटांवरच्या तारखा गेल्या. पूर्वी तारीख उलटली म्हणून चांगला माल फेकला जायचा आणि तारीख बाकी आहे म्हणून नासका खाल्ला जायचा. आता पाकीट स्वतःच सांगायचं. पट्टी हिरवी असली तर खा, पिवळी असली तर आज संपवा, लाल झाली तर टाका. पिवळ्या पाकिटांची वेगळी मांडणी असायची, निम्म्या दरात, आणि संध्याकाळी तिथं कुणाची रांग लागते हे सगळे बघायचे आणि कुणी बोलायचं नाही. पोरीबाळी भाजी हुंगायचं विसरल्या. आमटी लागली का, दही चढलं का, हे नाकाला विचारायचं सोडून लोक फोनला विचारू लागले.

अक्कांना याच गोष्टीची चीड होती. चौथीत शाळा सुटलेल्या या बाईनं नाक आणि हात या दोन गोष्टींवर उद्योग उभा केला होता. फलटणच्या पलीकडं, कालव्याच्या काठावर त्यांची शेड. माल एकच, अनारशाचं पीठ. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, उपसून सावलीत पसरायचे, ओलसर असतानाच दळायचे, मग गूळ घालून मळायचे आणि गोळे करून डब्यात मुरत ठेवायचे. ऐकायला सोपं. पण अनारसा हा जातिवंत खोडकर. जरा कुठं चुकलं की तुपात पडल्या पडल्या हसतो, म्हणजे विरघळून कढईभर होतो आणि करणारीची फजिती करतो. मालनअक्कांचा अनारसा कधी हसला नाही. कारण डबा बंद करण्याआधी प्रत्येक घाण्यावरून त्यांचा स्वतःचा हात फिरायचा. बाकीच्या बायांना हातमोजे सक्तीचे. अक्कांना नाही.

"रबराला चव असती व्हय?" कुणी विचारलंच तर त्या म्हणायच्या.

नियमाचं काही असो, अक्कांच्या शेडवर जीभ आली ती धोंड्याच्या महिन्यात झालेल्या प्रकारामुळं.

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायची रीत. हल्ली घरी करतं कोण? पंचक्रोशीतल्या सासवांनी अक्कांचं पीठ आणलं, तळलं, चांदीच्या ताटात रचलं, वर दिवा ठेवला. जावयांनी हौसेनं खाल्लं आणि दिवस मावळायच्या आत सासुरवाडीच्या न्हाणीत ओकत बसले. एका जावयाला सलाईन लावावं लागलं, आणि तो नेमका पोलिसातला निघाला.

अन्न तपासणारी माणसं आली. पिठात जंतू आहे, तो कुणाच्यातरी हातातून आलाय, एवढं त्यांनी सांगितलं. कुणाच्या, ते सांगायचं साधन तेव्हा इकडं पोचलं नव्हतं. त्या घाण्यातली चार पाकिटं राखून ठेवायला सांगून ती गेली.

मग अक्कांनी ते स्वतःच शोधून काढलं.

वैशाली खरात पीठ मळायला होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली, कामाला चोख, बोलायला कमी. त्या आठवड्यात खुरप्यानं तिचं बोट कापलं होतं. बोटाला चिंधी, वर हातमोजा. अक्कांनी सगळ्या बायांदेखत तिला उभं केलं.

"हात धुतलेलेस?"

"धुतले अक्का. दोनदा."

"बोटाला लागलंय, आन् पिठात हात घालतीस?"

"वर मोजा हाय. तुम्हाला दाखवूनच घातला होता."

खरं होतं. तिनं दाखवला होता, अक्कांनी मान डोलावली होती. आणि बहुतेक म्हणूनच अक्कांचा पारा चढला.

"उलट बोलू नगंस. घरात प्यायला पाणी पुरत न्हाई, हात कशाला धुशील? स्वच्छतेचं वळण लागतं गं, आन् ते घरातनं यावं लागतं. तुमच्याकडं कुठनं येणार?"

'तुमच्याकडं' या शब्दाशी शेडमधल्या सगळ्या माना खाली गेल्या. वैशालीनं अ‍ॅप्रन सोडला, त्याची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली आणि निघून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर अक्कांना पुढं जरा सोपं गेलं असतं.

पुढं वैशालीनं शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकाला अर्ज केला. शाळा समितीचे अध्यक्ष विलासराव अक्कांचे चुलतदीर. त्यांनी फोन करून विचारलं, बाई कशी आहे म्हणून.

"मी कुणाच्या पोटावर पाय देणारी न्हाई भावजी," अक्का म्हणाल्या. "तुमची पोरं हायत, तुमचं तुम्ही बघा."

एवढंच. वैशालीला काम मिळालं नाही. ती उन्हातान्हात डाळिंबाच्या बागांत फवारणीला जाऊ लागली. अक्कांना झोप छान लागत होती.

*

दिवाळीच्या मालाला जीभ लावली, आणि पहिल्या मोठ्या खेपेतली कित्येक पाकिटं पाठवायच्या आधीच लाल झाली.

तेजस्विनी एकेका पाकिटाला फोन लावून बघत होती आणि लाल पाकिटाशी नेला की फोन कुरकुरत होता. वैशालीला जाऊन महिने लोटले होते. मग हा कुणाचा हात?

जीभ बनवणाऱ्या कंपनीची गार्गी पोतनीस नावाची मुलगी दुसऱ्या दिवशी आली. बारीक केस कापलेली, पण बोलायला गोड. अक्कांनी तिला खुर्ची दिली आणि पाकीट समोर आपटलं.

"तुझ्या जिभेला माझ्या पिठाचं वावडं दिसतंय."

"जिभेला काही आवडत-नावडत नाही आजी. तिला फक्त ओळखता येतं." गार्गीनं पट्टी सोलून टेबलावर पसरली. "हे ठिपके आहेत ना, त्या प्रत्येकावर डीएनएचे बारके धागे उभे केलेत. कुलपाला एकच किल्ली लागते तसा एका धाग्याला एकच जंतू बसतो. तो येऊन अडकला की धागा मिटतो, ठिपक्यातून जाणारी वीज बदलते, आणि फोन जवळ नेला की ते त्याला कळतं."

"आन् गुळात जंतू जगतुय? गुळात मुंगी मरती."

"बरोबर बोललात. गूळ पाणी ओढून घेतो, जंतूंना प्यायला उरत नाही, म्हणून बहुतेक मरतात. पण हा एक चिवट आहे. स्टॅफ म्हणतात त्याला. याला थोडक्या ओलाव्यात भागवता येतं. आणि वाईट म्हणजे तो पिठात विष टाकून ठेवतो. तुपात तळल्यावर जंतू मरतो, विष नाही मरत. म्हणून तर जावई..."

"जावयांचं राहू दे," अक्का म्हणाल्या. "ह्यो येतो कुठनं? घाणीतनं?"

"नाही. तीच तर गंमत आहे. तो स्वच्छातल्या स्वच्छ माणसाच्या नाकात सुखानं राहतो. तीन-चार माणसांत एकाच्या असेल. त्या माणसाला काही होत नाही, त्याला पत्ताही नसतो. नाकाला हात लागतो, हात पिठाला लागतो."

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. हे जंतू सगळीकडं एकसारखे नसतात. एकाच आडनावाची घरं गावोगाव असावीत पण प्रत्येक घराची ठेवण निराळी, तसे ते प्रत्येक माणसाच्या अंगावर निराळे होतात. जिभेनं पकडलेला जंतू आणि माणसाच्या नाकातला जंतू जुळवून बघितला की हात कुणाचा ते कळतं. शहरात यावरून भांडणं सुरू झाली होती. हॉटेलांचे आचारी कोर्टात गेले होते, आणि कुठं कुठं म्हणे मुलगी बघायला आलेली माणसं हाताचा रिपोर्टही मागत होती.

"म्हणजे आता चोर घावणार," अक्का उठून उभ्या राहिल्या. "घ्या सगळ्यांचं. माझं पयलं घ्या."

"आई, तुमची काय गरज आहे?" तेजस्विनी घाईनं म्हणाली.

"गरज कशी न्हाई? न्याय म्हंजे सगळ्यांना सारखा." अक्का बायांकडं वळल्या. "आन् आत्ताच सांगून ठिवते. जिचा हात निघंल तिनं अ‍ॅप्रन काढून टेबलावर ठिवायचा आन् चालायला लागायचं. मी तोंड बगनार न्हाई तिचं."

गार्गीनं त्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवली. अक्कांना शिंक आली. बाया हसल्या, आणि अक्काही त्यांच्यात हसल्या.

*

रिपोर्ट आला तेव्हा तेजस्विनीनं अक्कांना ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. गार्गी खुर्चीत बसलेली, आजी म्हणून हाक मारायची विसरलेली.

अक्कांना दाराचा आवाज ऐकूनच काहीतरी समजलं.

"नंदाचा?" त्यांनी विचारलं. तेजस्विनीनं नकाराची मान हलवली, तेव्हा त्यांनी शेडमधल्या आणखी दोघींची नावं घेतली.

"आई, यात लाजण्यासारखं काही नाही," तेजस्विनी म्हणाली. "कुणालाही असू शकतं. नाकात लावायचं मलम मिळतं, थोडे दिवस लावलं की जातं."

"माझा?"

"हो."

अक्कांनी आपला उजवा हात मांडीवर पालथा घातला. कुणी बघू नये म्हणून एखादी वस्तू झाकावी तसा.

"मशीन चुकतं की," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण कुठून तरी लांबून आलेला.

"आम्ही तीनदा बघितलं," गार्गी म्हणाली. "आणि... ती राखून ठेवलेली जुनी पाकिटं, धोंड्याच्या महिन्यातली. मी तीही जिभेला लावली. तोच जंतू आहे. दुसऱ्या कुणाचाच नाही."

बाहेर गिरणी सुरू होती. तांदूळ दळल्याचा तो ओला, गोडसर वास अक्कांना लहानपणापासून देवघरासारखा वाटायचा. आता त्यांनी पदर नाकाला लावला.

"लोक म्हनायचे माझ्या हाताला चव हाय," त्यांनी गार्गीला विचारलं. "ती बी त्याचीच का?"

मुलगी खरं बोलणारी होती. "नाही. तुमच्या हातावर आंबवणारे चांगले जंतूही आहेत, जिभेला तेही दिसले. चवीत त्यांचा काही वाटा असेलही. पण दोघंही एकाच हातावर राहतात आजी. एकाला येऊ दिलं की दुसराही येतो."

गार्गी गेल्यावर तेजस्विनीनं सगळं जुळवून टाकलं. मलम आणलं. हातमोजे आणले. बायांना सांगायचं की मशीनला नीट कळलं नाही, पण यापुढं नियम सगळ्यांना सारखा, अक्कांनासुद्धा. "कुणाला काही कळायची गरज नाही आई. दिवाळी तोंडावर आहे. नाव आहे आपलं."

अक्कांनी मलम उचलून पदराखाली घेतलं. सुनेनं त्याचा अर्थ होकार असा घेतला, आणि तो चुकीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मोजे घालून घाण्यावरून हात फिरवला. त्यांना काहीच लागेना, ना गुळाचा चिकटपणा ना पिठाचा रवाळपणा, दुसऱ्याच कुणाचा हात आपल्या खांद्याला लावून दिल्यासारखं. गोळे मुरल्यावर बायांनी नेहमीसारखे चार तळून बघितले. जाळी सुरेख पडली. एकीनं तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"अक्का, आज तर लईच झकास झाल्यात!"

अक्कांनी मान हलवली आणि न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं.

*

बायांचं समाधान मात्र झालं नव्हतं. मशीनला कळलं नाही म्हणजे कुणाचातरी हात झाकला जातोय, एवढं कळायला शाळा लागत नाही. कुणीतरी आठवण काढली की नंदाच्या पोरीच्या मानेवर गळवं उठलीत. मग नंदा बसली की शेजारची जरा सरकून बसू लागली. तिचा चहाचा कप निराळा राहू लागला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, अक्कांनी त्या शेडला आधीच शिकवून ठेवल्या होत्या.

एका दुपारी अक्का नळाजवळून चालल्या होत्या. नंदा तिथं हात धुवत होती. साबण, पाणी, पुन्हा साबण, मग काथ्यानं घासणं. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून लाल झाली होती.

"बास कर," अक्का म्हणाल्या.

"एवढं झालं अक्का, आत्ता येते." नंदा दचकून हसली. "माझ्यामुळं काई नगं, म्हनून आपलं."

"तुझा न्हाई तो हात."

नंदाचे हात पाण्याखालीच थांबले. शेडमधल्या बायाही थांबल्या.

"मग कुनाचा अक्का?"

तिथंच बोलायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते, दोनच तर होते. पण सगळ्या बाया बघत होत्या, आणि त्यांच्या मागं भिंतीवर अक्कांच्या फोटोचं एक जुनं पाकीट चौकटीत घालून लावलेलं होतं. अक्कांनी पदर डोक्यावर ओढला आणि शेडबाहेर पडल्या. मागं कुणीतरी म्हणालं, "ऊन लागलं असंल." ते ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या घरी गेल्या नाहीत. कालव्यावरून वळल्या, आणि इतक्या वर्षांत कधी न उतरलेला ओढा उतरल्या.

वैशालीचं घर दोन खोल्यांचं, पुढं सारवलेलं अंगण. ती नुकतीच बागेतून आलेली, फवारणीच्या औषधाचा वास अजून अंगाला होता. अक्कांना बघून तिनं डोक्याचा रुमाल सोडला, पण उठली नाही.

"आत या म्हननार न्हाई," ती म्हणाली. "हितं बसा बसायचं तर."

अक्का अंगणातल्या दगडावर बसल्या. चालून त्यांचा घसा कोरडा पडला होता. वैशालीनं ते बघितलं.

"पानी देऊ का? का चालत न्हाई?"

"दे."

तिनं स्टीलचा पेला भरून आणून समोर ठेवला. "घासलेला हाय. वाटलं तर तुमची जीभ लावून बघा."

म्हणजे पाकिटाच्या जिभेची बातमी इकडंही पोचली होती. अक्कांनी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. पाणी गार होतं, गोड होतं. त्याचा त्यांना त्रास झाला.

"हात माझा होता," त्या म्हणाल्या. "तवाचा बी. धोंड्याच्या म्हयन्यातला. माझ्या नाकातला जंतू. मशीननं जुनी पाकिटं बगितली."

वैशालीनं रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"हे मला कशाला सांगताय? माझा न्हवता ते मला तवाच म्हाईत होतं."

"कामावर ये. मोठ्या बाईचं काम देते. मळायला नगं, नुसती देखरेख."

"ही नोकरी हाय का गप बसायचं मोल?"

"वैशाली..."

"न्हाई, विचारते आपलं. शेडमंदी सांगितलंय का हे?"

अक्कांनी मान हलवली. न्हाई.

"सुनेला म्हाईत, मशीनवालीला म्हाईत, आता मला. म्हंजे जिला आधीच ठावं होतं तिलाच सांगायला चालत आलाय." वैशाली पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ बघून बोलली. "माझी पोरगी शाळंत जाती अक्का. तिच्या डब्यातलं पोरं खात न्हाईत. तुझ्या आईच्या हाताला जंतू हायत म्हनत्यात. लहान पोरं. ती काय तुमच्या शेडमंदी आली न्हवती ऐकायला."

अक्कांच्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. त्यांनी कमरेचा फोन काढला. तीन वेळा चुकीचं नाव लागलं. शेवटी विलासराव लागले. वैशालीकडं न बघता त्यांनी आवाज मोठ्यावर ठेवला.

"भावजी, मालन बोलते. त्या खरातांच्या वैशालीला शाळंत घ्या. पीठ तिच्यामुळं नासलं न्हवतं. माझा हात होता."

पलीकडं विलासराव मनापासून हसले.

"वैनी, तुमचं मन मोठं, ते ठाऊक हाय मला. पण असं स्वतःवर घेऊन कुठं भागतं व्हय?"

"घेत न्हाई. खरंच माझा. मशीननं सांगितलं."

"बरं बरं." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "वैनी, कुनी दडपन आनलंय का? त्या वस्तीतलं कोन आलंय का शेडवर? घाबरू नगा, मी मानसं पाठवतो. आवं, तुमचा हात नासका म्हनलं तर येडा तरी इश्वास ठिवंल का?"

"भावजी, आयका..."

"तुम्ही इश्रांती घ्या. आपन दिवाळीनंतर बोलू."

फोन बंद झाला.

वैशाली हसली. त्या हसण्यात आनंद नव्हता, पण खोटंही काही नव्हतं.

"बघितलंत? तवाचं तुमचं अर्धं वाक्य त्यांनी खरं धरलं, शाळंत मला तेच ऐकवलं, आन् आज घसा फोडून सांगताय तर पटत न्हाई. मी तर पुरं खरं बोलले होते त्या दिवशी. दोनदा हात धुतले म्हनलं होतं."

अक्कांनी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "आता काय करू गं?"

"मला काय विचारता? माझा सैपाक व्हायचाय." वैशाली उठली. "बसा, न्हाईतर जा." आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

अक्का बसून राहिल्या. पलीकडच्या घरातल्या दोन बाया कुंपणाशी येऊन उगाच कपडे झटकत होत्या. तेजस्विनी म्हणाली होती, कुणाला कळायची गरज नाही. खरंच नव्हती. विलासरावांनी तर त्यांना आयतंच मोठेपण देऊन टाकलं होतं. उठून घरी गेलं तरी उद्या गावात हेच बोललं जाईल की अक्कांनी त्या बाईसाठी स्वतःवर आळ घेतला. त्यांची अब्रू इतकी घट्ट होती की त्यांना स्वतःलाही ती उतरवता येत नव्हती. या विचारानं त्यांना जेवढी लाज वाटली, तेवढी त्या रिपोर्टानंही वाटली नव्हती.

त्यांनी पुन्हा फोन उचलला.

"तेजे, शेडमंदीच हायस ना? सगळ्या बायांना गोळा कर. नंदाला फुडं उभी कर. आन् माझा आवाज मोठ्यावर ठेव."

"आई, तुम्ही कुठं आहात? आई, प्लीज, आधी घरी या, मग..."

"ठेव म्हनते ना."

पलीकडं खुर्च्या सरकल्या, गिरणी बंद झाली. त्या शेडमध्ये बोललेलं दिवस मावळायच्या आत तालुकाभर जातं, हे अक्कांइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी श्वास घेतला.

"बायांनो, मी मालन बोलते. आज मला कुनी मोठ्या मनाची म्हनायचं न्हाई. मशीनला सगळं कळलं होतं, मी झाकून ठिवलं. हात माझा हाय. आत्ताचा बी, धोंड्याच्या म्हयन्यातला बी. तुम्ही मोजे घालत हुता, मी न्हवते घालत. वैशालीनं मला बोट दाखवून मोजा घातला होता, मी व्हय म्हनले होते, आन् मग तिला नको ते बोलले. तिच्या घराला बोलले, तिच्या वस्तीला बोलले. ते खोटं होतं. ते मला..."

त्यांचा आवाज बारीक होत गेला. फोनमधून नुसता श्वासांचा आवाज येत होता, बऱ्याच जणींच्या. कुंपणाशी कपडे झटकणं थांबलं होतं.

दारात वैशाली येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ लागलेलं. तिनं कुंपणाकडं बघितलं, मग अक्कांकडं.

"जरा मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "मागच्या आळीला ऐकू जात न्हाई."